ओळखीचा आवाज हेडसेटमध्ये आला तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळून तुम्हाला चार महिने झालेत. गेल्या शनिवारी कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोहून किनाऱ्यावरच्या हाफ मून बेला जाताना हेडसेटमध्ये एक आवाज आला, आणि तो तुमच्या ग्राउंड स्कूलच्या सोबत्याचा होता. वर्षभर त्याची गाठ नाही. तुमचा अंगठा बटणावर गेला, पण बोलावं की नाही, बोलावं तर काय, या घोळात तो उतरून बाहेरही पडला. अशा वेळी बोललेलं चालतं का, कुठं चालतं, आणि किती बोलावं, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर आधी देतो. टॉवरच्या किंवा अ‍ॅप्रोचच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे विमानतळावरचे किंवा येण्याजाण्याच्या वाटेवरचे कंट्रोलर जिथं बोलतात तिथं, मित्राशी एक शब्दही बोलू नका. टॉवर नसलेल्या विमानतळाच्या सामायिक फ्रिक्वेन्सीवर, जिथं वैमानिकच एकमेकांना आपली जागा सांगतात, आपला नेहमीचा कॉल नीट आणि पूर्ण द्या. मित्र ऐकत असेल तर तेवढ्यानं त्याला तुम्ही कळता. गप्पाच मारायच्या असतील तर १२२.७५ या त्यासाठीच्या फ्रिक्वेन्सीवर जा, आणि तेही दोघं पॅटर्नपासून, म्हणजे उतरण्यासाठी रनवेभोवती घालायच्या ठरलेल्या चौकोनी फेरीपासून, लांब, सरळ उडत असाल तेव्हाच. भेटायचं ते खाली उतरून.

आता कारणं. मी इथं सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात २२ वर्षं उडतोय, त्यांतली १४ शिकवतोय, आणि या विषयावर माझ्याकडं सांगण्यासारखं बरंच साठलंय.

हा योगायोग वाटतो तेवढा दुर्मिळ नाही. विमानांच्या बोलण्यासाठी ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आहे. त्यात २५ किलोहर्ट्‌झच्या अंतरानं ७६० वाहिन्या बसतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण अमेरिकेत सार्वजनिक वापराचे विमानतळ ५,००० च्या आसपास आहेत आणि टॉवर आहे तो फक्त ५०० च्या आसपास ठिकाणी. उरलेल्या सगळ्यांना सामायिक फ्रिक्वेन्सी म्हणून मूठभर वाहिन्या वाटून दिल्यात: १२२.७, १२२.८, १२३.० आणि अशाच आणखी काही. म्हणून हाफ मून बे १२२.८ वर आहे आणि डोंगरापलीकडचं वॉटसनविलही १२२.८ वरच आहे.

दुसरं कारण उंचीचं. हा आवाज जवळपास नजरेसारखा सरळ रेषेत जातो. विमानाची उंची फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला १.२३ नं गुणा. तेवढ्या सागरी मैलांवर त्याचं क्षितिज. ३,००० फुटांवर हे ६७ मैल होतं. समोरचाही ३,००० फुटांवर असेल तर त्याचे ६७ धरून १३४ मैलांवरून तुम्ही एकमेकांना ऐकू शकता. मधे डोंगर आला तर आवाज तुटतो, पण किनाऱ्यावरून, समुद्राच्या बाजूनं उडताना मधे काहीच नसतं. शनिवारी सकाळी ११ च्या सुमाराला हाफ मून बेजवळ १२२.८ लावा, वॉटसनविलचे, आणखी लांबचे, कधी ज्यांचं नावही ओळखीचं नाही अशा विमानतळांचे लोक बोलत असतात. हवा चांगली असते, विमानं मोकळी असतात, आणि आपल्या छंदातली माणसं त्याच तासाला त्याच चार-पाच ठिकाणी निघालेली असतात. गाठ पडणारच.

तुमच्या शिक्षकानं प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी विमानतळाचं नाव घ्यायला लावलं असेल, ते याचसाठी. ‘डाउनविंड (पॅटर्नची रनवेला समांतर बाजू), रनवे थ्री-झीरो’ एवढंच कुणी बोललं तर तो तुमच्या नाकासमोर आहे की पन्नास मैलांवर, हे कळायला मार्ग नाही. आवाज ओळखीचा असला की हे हमखास विसरायला होतं. आपण त्याचा आवाज ऐकतो, जागा ऐकतच नाही. म्हणून ओळखीचा आवाज आला की मी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो: कुठं आहे तो? तो कोण आहे, कसा आहे, हे सगळं त्यानंतर.

माझी पहिली अशी गाठ २००४ मधली. लायसन्स घेऊन वर्षही झालं नव्हतं. एकटाच वॉटसनविलला निघालो होतो. दहा मैलांवरून मी कॉल दिला आणि बटण सोडलं, तोच पॅटर्नमधून कुणीतरी बोललं. वाक्य अगदी साधं होतं: सेसना, डाउनविंड, रनवे टू-झीरो, वॉटसनविल. पण ‘वॉटसनविल’ मधला तो ‘वॉ’! अमेरिकन माणूस तिथं ओठांचा चंबू करतो. या माणसानं तो आपला सरळ, सांगली-मिरजेकडचा ‘वॉ’ म्हटला होता. आणि ‘टू-झीरो’ म्हणताना मधे घेतलेला तो बारीकसा श्वास. माझ्या पाठीवर काटा आला. कॉलेजात चार वर्षं ज्याच्या शेजारच्या खोलीत राहिलो, त्याचा हा आवाज होता. तो सॅक्रामेंटोकडं कुठंतरी नोकरीला आहे एवढंच मला माहीत होतं. तीन वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. भांडण वगैरे काही नव्हतं, राहून गेलं होतं इतकंच. तो विमान शिकलाय याची मला गंधवार्ता नव्हती.

मी बोललो नाही. शहाणपण म्हणून नव्हे. तोपर्यंत पॅटर्नमध्ये शिरायची वेळ आली होती आणि माझी सगळी बुद्धी विमान सांभाळण्यात खर्च होत होती. मी फक्त माझे कॉल दिले: ४५ अंशात शिरताना, डाउनविंड, बेस (रनवेकडं वळायची आडवी बाजू), फायनल (रनवेच्या सरळ रेषेतला शेवटचा टप्पा). उतरलो, टॅक्सी करत पेट्रोलच्या पंपाकडं वळलो, तर तो शिडीवर उभा राहून पंखावरच्या टाकीत दांडी घालून इंधन मोजत होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही. मी इंजिन बंद करून दार उघडलं, तेव्हा तिकडं तोंड ठेवूनच म्हणाला, “काय रे, बेसला जरा उशिरा वळलास की!”

माझ्या दहा मैलांवरच्या कॉललाच त्यानं मला ओळखलं होतं. तोही काही बोलला नव्हता. पुढं तिथल्या एका बाकावर आम्ही दोन तास बसलो आणि दोघांनाही घरी पोचायला अंधार पडला. आजही आम्ही वर्षातून दोन-तीनदा एकत्र उडतो.

तुम्हाला सांगायचं ते मुख्यतः यातच आहे. तुमचा नेहमीचा कॉल हीच हाक आहे. विमानाचा प्रकार, जागा, उंची, बेत, विमानतळाचं नाव, सगळं जागच्या जागी असलेला, तुमच्याच आवाजातला कॉल. जो तुम्हाला ओळखतो त्याला त्यातून सगळं पोचतं. जो ओळखत नाही त्याला तुमचं विमान कुठं आहे ते पोचतं. एकाच वाक्यानं दोन्ही कामं होतात, आणि कुणाचा सेकंदही वाया जात नाही.

आवाज ओळखू येतो तो कशानं, याचं मला अजून नवल वाटतं. विमानाच्या रेडिओत आवाजाचा अगदी अरुंद पट्टा पुढं जातो, वर इंजिनाची घरघर असते. गोडवा, खोली, सगळं गाळलं जातं. उरते ती चाल: कुठं थांबतो, कुठला आकडा ओढतो, वाक्य खाली सोडतो की वर. शिकवायला लागल्यावर मला आणखी एक अनुभव येऊ लागला. विमानतळाचं नाव घेऊन अर्धा क्षण थांबायचं आणि मग पुढचं बोलायचं, अशी माझी सवय आहे. ऐकणाऱ्याला ‘हे माझ्यासाठी आहे’ हे कळायला तेवढा वेळ मिळतो. माझे विद्यार्थी ती उचलतात. एकदा हॉलिस्टरजवळ एक तरुण मुलगी बोलताना ऐकली. आवाज अनोळखी होता, पण तो थांबा माझा होता. खाली चौकशी केली तर ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं शिकत होती. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी फार आनंदात होतो.

आता चूक. ती माझीच आहे, आणि तुम्ही ती करू नये म्हणूनच सांगतो. एका टॉवरच्या फ्रिक्वेन्सीवर, फायनलवरून मला एका मित्राचा आवाज आला. तो महिनाभर आजारी होता, आणि बरा होऊन त्या दिवशी पहिल्यांदा उडत होता. मला राहवलं नाही. बटण दाबून मी त्याचं नाव घेतलं आणि ‘वेलकम बॅक’ म्हटलं. दीड सेकंद. त्याच दीड सेकंदात कंट्रोलर माझ्या पुढच्या विमानाला ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा, असं सांगत होता, कारण रनवेवर कुणीतरी अजून वळलं नव्हतं. त्या वैमानिकाला ऐकू आली ती नुसती कर्कश शिट्टी. कंट्रोलरला पुन्हा सांगावं लागलं, आणि तोवर ते विमान रनवेच्या तोंडाशी आलं होतं. कुणाला काही झालं नाही. उतरल्यावर मी टॉवरला फोन करून माफी मागितली. कंट्रोलर शांतपणे म्हणाला, “मला तुमचा आवाज आला नाही, पण माझाही कुणाला गेला नाही.” ते वाक्य मी आजही प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

ती शिट्टी का येते हेही समजून घ्या. विमानांचा रेडिओ अजूनही एएम पद्धतीचा आहे. एफएममध्ये दोघं एकदम बोलले तर जोरदार आवाज कमकुवत आवाजाला पार गिळून टाकतो. दुसरा कुणी बोलत होता हे कळतही नाही. एएममध्ये दोन्ही एकमेकांत मिसळून शिट्टी वाजते, म्हणजे निदान काहीतरी दबलं हे सगळ्यांना कळतं. पण काय दबलं हे कळत नाही. आणि दोघा बोलणाऱ्यांना तर शिट्टीही ऐकू येत नाही, कारण बटण दाबलेलं असताना आपला कान बंद असतो.

घाटात दोन एसटी गाड्या समोरासमोर आल्या की ड्रायव्हर खिडकीला खिडकी लावून दोन शब्द बोलून घेतात. मागची वाहनं थांबतात, कुणी फारशी तक्रार करत नाही. माझं लहानपण ते दृश्य बघण्यात गेलंय आणि मला ते फार आवडतं. हवेत मात्र मागच्याला थांबता येत नाही. १८ ऑगस्ट २०२२ ला वॉटसनविलला, त्याच १२२.८ वर, दोन्ही वैमानिक आपापली जागा सांगत होते. एक सेसना १५२ पॅटर्नमध्ये, दुसरं दोन इंजिनांचं सेसना ३४० सरळ फायनलवर, नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वेगात. विमानतळाजवळच दोन्ही आदळली आणि तीन माणसं गेली. तिथं गप्पांचा काही संबंध नव्हता. कारण वेगाचं आणि न दिसण्याचं होतं. पण ज्यांनी त्या फ्रिक्वेन्सीवर वर्षानुवर्षं ‘गुड मॉर्निंग’ म्हटलंय त्या आम्हा सगळ्यांना त्या दिवसापासून तिथला एकेक सेकंद मोजून वापरावासा वाटतो.

आता बोलायचंच असेल तर. विमानातून विमानाशी खासगी बोलण्यासाठी अमेरिकेत १२२.७५ दिली आहे, हेलिकॉप्टरांना १२३.०२५. पुष्कळ जण १२३.४५ वर जातात. एक-दोन-तीन-चार-पाच, म्हणून तिला ‘फिंगर्स’ म्हणतात, लक्षात ठेवायला सोपी. पण देशाच्या आत ती उड्डाण चाचण्यांसाठी राखलेली आहे. गप्पांना मोकळी आहे ती महासागरावर आणि दुर्गम भागांवर. तुमच्या ओळखीचे दहा जण तिथं बोलत असतील, तरी तुम्ही जाऊ नका.

१२२.७५ वर जायचं कसं? सामायिक फ्रिक्वेन्सीवर, पॅटर्नमधून बाहेर पडल्यावर, मोकळी जागा बघून एकच वाक्य: समोरच्याच्या विमानाचा प्रकार आणि शेवटची अक्षरं, आणि ‘ट्वेंटी-टू सेव्हन-फाइव्ह’. नाव नाही, नमस्कार नाही. तो आला तर आला. नाही आला तर पुन्हा विचारायचं नाही. तो कामात असेल. विमानात दोन रेडिओ असतील तर पहिल्यावर विमानतळ किंवा अ‍ॅप्रोच तसाच ऐकत राहा आणि दुसऱ्यावर बोला. बोलताना पाठवणारा रेडिओ कोणता निवडलाय हे बघूनच बटण दाबा. ‘घरी सगळे बरे आहेत ना रे’ हे १२२.७५ समजून अ‍ॅप्रोचवर गेलेलं मी स्वतः ऐकलंय.

उत्तर कॅलिफोर्नियाच्या नॉर्कल अ‍ॅप्रोचकडून फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे वाटेत रडारवरून लक्ष ठेवायची सेवा, घेत असाल तर न सांगता गायब होऊ नका. एकच रेडिओ असेल तर १२२.७५ चा विचार सोडून द्या. मित्र अर्ध्या तासानंही मित्रच राहतो.

आणखी एक सवय बघतो: बोलायचं नाही म्हणून बटण दोनदा टिकटिक करून ‘ऐकलं बरं’ असं कळवायचं. तुमचा सोबतीही हे करत असेल. टाळा. कंट्रोलरला दिलेल्या उत्तरात ती टिकटिक म्हणजे उत्तरच नव्हे. आणि टॉवर नसलेल्या पुष्कळ विमानतळांवर रनवेचे दिवे याच टिकटिकीनं लागतात: पाच सेकंदांत तीन, पाच किंवा सात वेळा दाबलं की दिवे त्या त्या तेजाचे होतात. संध्याकाळी कुणीतरी फायनलवर असताना तुमच्या खुणेनं त्याच्यासमोरच्या दिव्यांचं तेज बदलू शकतं.

मराठीत बोलावं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. टॉवर, अ‍ॅप्रोच आणि सामायिक फ्रिक्वेन्सीवर कधीच नाही. तिथं तिसऱ्या माणसाला तुमचं बोलणं कळलं पाहिजे. तो त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. १२२.७५ वर मी मित्राला ‘काय म्हणतोस’ म्हणतो आणि लगेच इंग्रजीत येतो, विशेषतः जागा, उंची, दिशा सांगताना. कारण तिथंही दुसरे वैमानिक ऐकत असतात, आणि त्यांतला एखादा आमच्याजवळून जात असू शकतो.

आता ज्यात जास्त धोका आहे ते. मित्र आहे हे कळलं की माणसाला तो बघावासा वाटतो. दोन सेसना समोरासमोर येताना प्रत्येकी ९० नॉट वेगात असतील तर मिनिटाला तीन मैल अंतर कमी होतं. १० मैल दूरचा माणूस २०० सेकंदांत तुमच्यावर. त्यातले ६० सेकंद तुम्ही ‘कुठं दिसतोय’ म्हणत एकाच बाजूला मान वळवून घालवलीत, तर उरलेलं आकाश कुणीच बघत नाही. आणि दिसला, की जवळ जावंसं वाटतं, एखादा फोटो. अमेरिकेतला उड्डाणाचा नियम ९१.१११ स्पष्ट आहे: टक्कर होईल इतकं जवळ उडायचं नाही, आणि एकत्र रचनेत उडायचं तर आधी दोन्ही वैमानिकांमध्ये ठरलेलं असलं पाहिजे. रेडिओवर ओळख पटली म्हणजे ठरलं असं होत नाही. सेसनाचा पंख वर, पायपरचा खाली. वर पायपर आणि खाली सेसना असेल तर दोघांनाही दुसरा दिसत नाही. रचनेत उडणं ही शिकायची विद्या आहे, ती शिकवणारी माणसं आहेत. त्यांच्याकडं जा, आधी जमिनीवर तासभर बसा. वाटेत भेटलेल्या मित्राबरोबर ती करायची नसते.

दुसरा धोका हळू येतो आणि तो मला जास्त मोठा वाटतो. मित्राच्या आवाजावर आपण हवामानाच्या अहवालापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. उन्हाळ्यात हाफ मून बेवर समुद्रावरून ढगांचा थर येतो. डोंगराच्या या बाजूला निळं आकाश आणि पलीकडं रनवे झाकलेला. एकदा मी डोंगर ओलांडायच्या बेतात होतो आणि पुढं गेलेला मित्र म्हणाला, “जागा आहे, ये.” त्याच्या वेळी होती. मी कड्यावर पोचेपर्यंत, म्हणजे दहा मिनिटांत, ती बुजली होती. मी वळलो, पण वळायला मला जेवढा वेळ लागला तेवढा अनोळखी माणसाच्या सांगण्यानंतर लागला नसता. तो खोटं बोलला नव्हता, मीच त्याच्या शब्दाला दहा मिनिटांचं आयुष्य जास्त दिलं होतं. तेव्हापासून मी मित्रांना सांगतो: ‘ये’ म्हणू नका. ढगाचा तळ किती फुटांवर, किती वाजता, कुठं पाहिला ते सांगा. यायचं की नाही ते मी ठरवीन.

याची चांगली बाजूही तेवढीच मोठी आहे. एकदा सनोलच्या बाजूनं येताना एका मैत्रिणीनं १२२.७५ वर सांगितलं की ४,५०० फुटांवर खाली-वर जोराचे धक्के बसतायत, २,५०० वर शांत आहे. माझ्याबरोबर माझी ७४ वर्षांची आई होती, पहिल्यांदाच लहान विमानात बसलेली. मी खाली आलो. आईला ते उड्डाण आजही आठवतं ते निळ्या पाण्याच्या मिठागरांसाठी. त्या मैत्रिणीचे आभार तिनं फोन करून मानले.

भारतात माझा भाचा बारामतीत शिकला आणि आता एअरलाइनमध्ये आहे. तिथं खासगी वैमानिक मोजके, त्यामुळं अशी गाठ बहुधा उड्डाण शाळेतल्या सोबत्यांचीच पडते. एक एटीआर घेऊन, दुसरा एअरबस घेऊन, आणि ‘मुंबई कंट्रोल’च्या फ्रिक्वेन्सीवर दोघं एकापाठोपाठ. तो म्हणतो, बारामतीत एकाच खोलीत झोपलेला मुलगा ‘नमस्कार, मुंबई’ म्हणतो, मी माझा रीडबॅक, म्हणजे कंट्रोलरची सूचना परत बोलून, देतो, आणि दोघांनाही कळतं. त्यापलीकडं एक अक्षर नाही. संध्याकाळी हॉटेलवरून फोन. मला ही शिस्त आमच्या इकडच्या मोकळेपणापेक्षा जास्त आवडते.

भेट जमिनीवर असं मी म्हणतो तेव्हा माझ्या मनात नेहमी १९३० सालचा मे महिना असतो. आगा खानांनी भारत-इंग्लंड अंतर एकट्यानं उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. टाटा, ज्यांना आदल्या वर्षी १० फेब्रुवारीला भारतातलं पहिलं वैमानिक लायसन्स मिळालं होतं, कराचीहून इंग्लंडकडं निघाले होते. अस्पी इंजिनिअर हा कोवळा मुलगा इंग्लंडहून कराचीकडं. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबूकीरला पडली. अस्पी तिथं स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे जास्तीचे प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी आधी पोचला आणि बक्षीस त्यानं जिंकलं. पुढं तो हवाई दलाचा प्रमुख झाला. दोघांच्याही विमानात एकमेकांना हाक मारायला रेडिओ नव्हता. एक जण उतरला आणि दुसरं विमान तिथं उभं दिसलं, म्हणून भेट झाली. मला ही गोष्ट फार प्रिय आहे आणि विद्यार्थ्यांना मी ती संधी मिळेल तिथं सांगतो.

आता टॅब्लेटबद्दल दोन शब्द. १ जानेवारी २०२० पासून जिथं ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारं यंत्र) सक्तीचा आहे तिथं एडीएस-बी, म्हणजे विमानाची जागा सतत प्रसारित करणारं यंत्र, लागतं, त्यामुळं टॅब्लेटवरच्या फोरफ्लाइट या अ‍ॅपच्या पडद्यावर मित्राचं विमान टेल नंबरासकट (नोंदणी क्रमांकासकट) दिसतं. बऱ्याचदा आवाजाच्या आधी आकडा भेटतो. उपयोग मोठा आहे, मी तो रोज करतो. पण विमानतळाच्या दहा मैलांच्या आत नावं शोधायची नाहीत, असा माझ्याकडं शिकणाऱ्यांना नियम आहे. बिनविजेची जुनी विमानं त्या पडद्यावर नसतातच, आणि तीही शनिवारी ११ वाजता तिथंच निघालेली असतात.

राहिला तुमचा शनिवार. तुम्ही गप्प राहिलात ते बरोबर केलंत. पण तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं, डाउनविंडचा कॉल द्यायचाही तुम्ही विसरलात. ‘तो उतरून बाहेरही पडला’ यानंतर थेट उतरल्याचं लिहिलंय. तेवढं पुढच्या वेळी जपा. आणि त्याचा नंबर असेल तर आजच फोन करा. ‘शनिवारी अकरा वाजता हाफ मून बेला डाउनविंडवर होतास ना?’ एवढंच विचारा, आणि पुढच्या शनिवारी दोघांनी कुठं उतरायचं ते ठरवा.